चाकांवरचे घर : डिझेल कुठे जाते, वीज कुठे जाते

पूर्वी आपल्या घरांतला लांबचा प्रवास म्हणजे एसटी, रेल्वे, नाहीतर लग्नकार्यासाठी ठरवलेली भाड्याची जीप. आता सुट्टी लागली की दोन-तीन भावांची कुटुंबे मिळून मोठी गाडी करतात. त्यातच गेल्या काही वर्षांत कॅम्पर व्हॅन आली. गाडीतच झोपायला बर्थ, रांधायला छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनल. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि तेव्हापासून अशा गाड्या भाड्यानेही मिळू लागल्या आहेत.

आपल्या घरांना ही गाडी आवडण्याची कारणे उघड आहेत. गुडघे दुखणाऱ्या दादीला मधेच आडवे होता येते. बायकांना स्वच्छतागृहासाठी ढाबे धुंडाळावे लागत नाहीत. खाण्याच्या हलालची खात्री असते, कारण पातेले आपल्याच हातात असते. नमाजेला मुसल्ला कुठे अंथरावा हा प्रश्न राहत नाही. पण पहिली मोठी सफर आटोपून आलेल्या कुटुंबांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. हॉटेलचे जे वाचले ते पेट्रोल पंपावर गेले, आणि रात्री गाडीतली वीज संपल्यावर मुले घामाने उठून बसली ती वेगळीच.

आमच्या घरात अशी एक गाडी तिघा भावांत मिळून आहे. डिझेलची, उंच टपाची, माणसे आणि सामान धरून तीन टनांच्या आसपास भरणारी. आम्ही नऊ जण निघतो. बायका, मुले आणि दादी गाडीत झोपतात, पुरुष बाहेर तंबूत. गाडीचा खर्च तिघांत वाटायचा म्हणून वही ठेवावी लागते. ही वही ठेवता ठेवता आम्हाला हे कळले, की आपण बचत जिथे करायला जातो तिथे वाचण्यासारखे फारसे नसते, आणि जिथे खरे जाते तिकडे आपले लक्षच नसते. गाडीतले दिवे मालवत बसणारा माणूस महामार्गावर शंभरच्या वेगाने गाडी हाणत असतो.

वाऱ्याला ढकलण्याचा खर्च

सपाट रस्त्यावर एका वेगाने चाललेल्या गाडीचे इंजिन मुख्यतः दोन गोष्टींशी झगडते. एक, रस्त्यावर दबणारे टायर. दुसरी, समोरची हवा. टायरचा विरोध वजनाप्रमाणे वाढतो, वेगाने फारसा वाढत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला तर हवा चौपट जोराने अडवते. साध्या मोटारीपेक्षा कॅम्पर व्हॅन उंच आणि चौकोनी असते. ती म्हणजे एक चालते कपाटच. म्हणून तिला हवेचा मार जास्त.

आमच्यासारख्या तीन टनी गाडीचा ढोबळ हिशेब असा मांडता येतो. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते आणि त्यातली तीस टक्क्यांच्या आसपास चाकांपर्यंत पोचते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. हे धरले तर टायरच्या विरोधासाठी दर १०० किलोमीटरला पावणेतीन ते तीन लिटर लागतात, वेग कितीही असो. हवेसाठी ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ३ लिटर, ८० ला साडेपाच, आणि १०० ला साडेआठ. म्हणजे एकूण ६० ला सहा लिटर, ८० ला सव्वाआठ, १०० ला सव्वाअकराच्या वर. गाडीगाडीप्रमाणे आकडे हलतील, वारा समोरून असेल तर आणखी वाढतील, पण त्यांची चढण अशीच राहील.

आता हे घरच्या भाषेत पाहू. मोकळ्या रस्त्याचे ४०० किलोमीटर ८० ऐवजी ६० ने कापले तर नऊ लिटर डिझेल वाचते. वेळ जातो एक तास चाळीस मिनिटे. दिवसभराच्या प्रवासात एवढा वेळ चहापाण्यात कधी जातो ते कळतही नाही. पेट्रोलियम संवर्धनाचे काम करणारी सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग किफायतशीर म्हणून कित्येक वर्षे सांगत आली आहे. महामार्गावर इतके हळू जाणे मागच्या ट्रकवाल्याला चालत नाही आणि धोक्याचेही असते, म्हणून आम्ही डावी लेन धरून साठ-पासष्टवर राहतो. आमच्या मामूंना हे मुळीच पटत नाही. "अरे, बैलगाडी घेतली असती तर डिझेलच लागले नसते," असे ते दर वेळी म्हणतात आणि गाडी चालवायला घेतली की नव्वदवर नेतात. त्यांच्या पाळीत गेलेले डिझेल वहीत वेगळे दिसते.

याच कारणाने टपावरचे कॅरिअर रिकामे असेल तर काढून ठेवावे. ताडपत्री फडफडत असलेले सामान टपावर नेणे हा सगळ्यात महागडा मार्ग. तेच सामान बर्थखाली गेले तर त्याचे फक्त वजन उरते, आणि वजनाला आपण घाबरतो तितके घाबरण्याचे कारण नाही. सपाट रस्त्यावर शंभर किलो जादा वजनाला शंभर किलोमीटरमागे साधारण शंभर मिलिलिटर डिझेल लागते. एक पेला. गावातल्या ट्रॅफिकमध्ये थांबत-सुटत जाताना मात्र हा पेला मोठा होतो, कारण प्रत्येक ब्रेकला तेवढी गती वाया जाते.

टायरमधली हवा हा तसा कंटाळवाणा विषय, पण तो टाळता येत नाही. दरवाज्याच्या चौकटीवर कंपनीने आकडे चिकटवलेले असतात. सकाळी टायर थंड असताना, निघण्यापूर्वी, त्या आकड्याप्रमाणे हवा भरावी. पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे वेगळे असू शकतात, आणि भरलेल्या गाडीचेही वेगळे दिलेले असतात. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, तापतो आणि डिझेल खातो. समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या सरळ रस्त्यावर भर दुपारी टायर फुटून झालेले अपघात आपण वर्तमानपत्रात वाचतोच. इथे बचत आणि जीव या दोन्ही गोष्टी एकाच पंपाच्या नळीला लागलेल्या आहेत.

घाट चढताना, घाट उतरताना

कोकणातून बाहेर पडायचे म्हणजे घाट आलाच. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना आंब्याचा, चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्लीचा. तीन टनांची गाडी सहाशे मीटर वर उचलायला, फक्त उचलायला, पावणेदोन लिटरच्या आसपास डिझेल लागते. हा खर्च हळू चढलो काय, जोरात चढलो काय, टळत नाही. टळतो तो चुकीच्या गिअरचा खर्च. इंजिन गुरगुरेपर्यंत वरच्या गिअरमध्ये रेटू नये आणि खालच्या गिअरमध्ये किंचाळवूही नये.

उतारावर एक जुनी सवय अजून दिसते, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडून देण्याची. डिझेल वाचते असे वाटते. आजच्या इंजिनांत उलटे आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारे डिझेल जवळपास बंदच होते, कारण चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागत राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तीन टनांची गाडी घाटात नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच किंवा त्याच्याखालच्या गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या एसटी ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

फज्रनंतर लगेच निघण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय या सगळ्यात फार उपयोगाची. घाट रिकामा मिळतो, ब्रेक-क्लच कमी होते, दहा वाजेपर्यंत एसी लावावा लागत नाही. ऊन चढेपर्यंत निम्मा रस्ता सरलेला असतो. चालत्या गाडीत एसीविषयी एवढेच म्हणू, की गावातून हळू जाताना खिडक्या उघड्या परवडतात. महामार्गावर उघड्या खिडक्या हवेचा विरोध वाढवतात आणि आतल्या माणसांना धूळ खायला लावतात.

गाडी थांबल्यावर

उभ्या गाडीतल्या विजेचे गणित कळायला आम्हाला दोन आकडे पुरले. दोन लिटर चहा उकळायला इंडक्शनवर साधारण ०.२ युनिट वीज लागते. पंचवीस वॅटचा छोटा पंखा रात्री आठ तास चालवायलाही ०.२ युनिटच लागते. म्हणजे नऊ जणांच्या एका चहाच्या विजेत दादीच्या उशाशी रात्रभर पंखा चालतो.

यातून जे कळायचे ते कळते. प्रकाश, पंखा, मोबाईल, पाण्याची छोटी मोटर यांना वीज थोडीच लागते. तापवणे आणि गार करणे या दोन कामांना मात्र ती भरमसाट लागते. इंडक्शन, इस्त्री, केस वाळवायचे यंत्र, पाणी तापवायचा रॉड आणि एसी ही मंडळी बॅटरीवर बसवली की बॅटरी कितीही मोठी घ्या, पुरत नाही.

शंभर अँपिअर-तासांची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या थोडे वर. घरातल्या इन्व्हर्टरला असते तशी पाण्याची बॅटरी स्वस्त पडते, पण ती निम्म्याहून अधिक रिकामी केली तर लवकर मरते आणि तिचे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते. लिथियमची बारा-तेरा किलोत काम भागवते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. गाडीसाठी तिचे जास्त पैसे मोजणे आम्हाला योग्य वाटते. घरासाठी तसे म्हणणार नाही.

टपावर चारशे वॅटचे पॅनल असेल तर आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात दिवसाला सव्वा ते दीड युनिट मिळते. पावसाळ्यात याच्या निम्मेही धरू नये. पॅनल तापले की कमी वीज देते, हे पुष्कळांना माहीत नसते. मे महिन्यात टपावर त्याची काच साठ-पासष्ट अंशांवर जाते आणि दहा-पंधरा टक्के वीज तिथेच कमी होते. म्हणून पॅनल टपाला चिकटवून न बसवता खाली दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवावी. खालून वारा फिरतो, पॅनल थंड राहते, आणि टपावर आपोआप सावली पडते. एकाच कामाचे दोन फायदे.

आमचा दिवसाचा हिशेब असा बसतो. दोन पंखे रात्रभर ०.४ युनिट, दिवे ०.१ च्या आत, नऊ जणांचे मोबाईल ०.१५, पाण्याची मोटर नावापुरती, आणि छोटा फ्रीज ०.४ ते ०.५. एकूण एक युनिटच्या थोडे वर. चारशे वॅटचे पॅनल एवढे भागवते. यात इंडक्शनवरचा एक वेळचा स्वयंपाक घातला की हिशेब मोडतो.

पॅनल नसेल तर चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरता येते. लोक म्हणतात, ती वीज फुकट. ती फुकट नसते. इंजिन आणि अल्टरनेटर दोघांतली गळती धरली तर एका युनिटसाठी अर्धा लिटरहून अधिक डिझेल जाळले जाते. डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास धरले तर हे युनिट पन्नास रुपयांच्या घरात पडले. घरच्या बिलाशी ताडून पाहा. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री बॅटरी घरच्या विजेवर पूर्ण भरून घ्यावी, आणि मुक्कामी कुणा नातेवाइकाकडे उतरलात तर तिथेही एक वायर मागून घ्यायला लाजू नये.

एसीचा प्रश्न, आणि एक इशारा

एक टनाचा एसी रात्री आठ तास चालवायचा तर सहा ते आठ युनिट हवीत. म्हणजे वर सांगितल्यासारख्या पाच-सहा बॅटऱ्या, आणि त्या भरायला टपावर मावणार नाहीत इतकी पॅनल. मग लोक सोपा मार्ग काढतात. इंजिन चालू ठेवून गाडीचाच एसी लावतात, किंवा जनरेटर लावतात. उभ्या गाडीचे मोठे डिझेल इंजिन तासाला लिटरभर तरी डिझेल पिते. रात्रभरात आठ लिटर. त्यात आपली गाडी सव्वाशे किलोमीटर गेली असती.

पण इथे खर्चाची गोष्ट दुय्यम आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. एसीसाठी जनरेटर चालू होता. त्याचा धूर गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरला आणि कार्बन मोनॉक्साईड वायूने त्यांचा जीव गेला, असे तपासात निघाले. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा पकडतो, आणि झोपलेल्या माणसाला खोकलाही येत नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. प्रवासाचा थकवा म्हणून आपण ते सोडून देतो.

म्हणून आमच्या घरात याबाबत चर्चा नाही. माणसे झोपली की इंजिन बंद, जनरेटर आणलेलाच नाही, बंद गाडीत कोळशाची शेगडी नाही, थंडीतही नाही. गाडीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावलेला आहे. गाडी भाड्याने घेणार असाल तर तो सोबत न्या. तो मुठीएवढा असतो.

मग उकाड्याचे काय करायचे? उष्णता आत आल्यावर तिला बाहेर काढायला वीज लागते. ती आत येऊ न देण्याला लागत नाही. टप पांढरा असावा. काळा किंवा गडद टप उन्हात हात लावू देत नाही. टपाच्या आणि बाजूंच्या पत्र्याला आतून फोमचे अस्तर असावे. काचांवर चकचकीत पडदे आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावले तर अधिक काम करतात, कारण ऊन काचेतून आत शिरण्याआधीच परतते. गाडी उभी करताना मोठी काच पश्चिमेला येणार नाही असे पाहावे. संध्याकाळी दोन्ही बाजू उघडून, वरच्या झरोक्यातला पंखा गरम हवा बाहेर फेकेल असा लावला तर वीस मिनिटांत फरक पडतो. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी मात्र हवीच, नाहीतर हवा आणि झोप यांपैकी एकच मिळते.

सावली आणि सोलर यांचे मात्र जमत नाही. झाडाखाली गाडी लावली तर पॅनल उपाशी राहते. आम्ही सकाळी उन्हात आणि दुपारी बारानंतर सावलीत असे करतो. तंबूशेजारी उचलून ठेवता येईल असे घडीचे एक पॅनल असेल तर गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात राहते. त्याची चोरी होऊ नये म्हणून मुलांपैकी कुणाला तरी नेमावे लागते. मुले हे काम पहिले दोन तास आनंदाने करतात.

कोकणात आणि देशावर एकच उपाय चालत नाही, हेही सांगायला हवे. विजापूर-गुलबर्ग्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात खिडकीला ओला पडदा लावून समोर छोटा पंखा ठेवला तर खोली गार होते. तोच ओला पडदा रत्नागिरीत लावला तर घाम दुप्पट होईल, कारण हवेत आधीच पाणी भरलेले आहे. कोकणात उन्हाळ्यात गाडीत राहायचे तर समुद्राचा वारा मिळेल अशी जागा शोधणे हाच उपाय, आणि तोही नाही मिळाला तर ऑक्टोबर सरल्यावर जाणे.

शेगडी, कुकर आणि दम

स्वयंपाक गॅसवर केलेला बरा. पाच किलोचा छोटा सिलिंडर आमच्या कुटुंबाला आठवड्याच्या प्रवासाला पुरून उरतो. मात्र सिलिंडर उभाच ठेवावा, हलणार नाही असा बांधावा, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असावे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. शक्य असेल तेव्हा शेगडी गाडीबाहेर मांडावी. आत पेटवायची वेळ आली तर दार आणि झरोका दोन्ही उघडे. बाहेर वारा असेल तर शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा करावा. वाऱ्यात निम्मी आच पातेल्याला लागतच नाही.

आपल्या बायकांना यात शिकवण्यासारखे काही नाही, उलट त्यांच्याकडूनच घ्यावे. बिर्याणीचा दम म्हणजे दुसरे काय आहे? आच बंद, झाकण कणकेने बंद, आणि आतल्याच उष्णतेत शिजणे. हीच युक्ती अम्मी गाडीत डाळ, हरभरे, खिम्यासाठी वापरते. भिजवलेली डाळ कुकरमध्ये घालून दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवायचा. तासाभराने डाळ मऊ झालेली असते. गॅस निम्मा लागतो आणि गाडीत उकाडा साठत नाही. उन्हाळ्यात हा दुसरा फायदा मोठा वाटतो. चहाचेही तसेच. एकदाच करून मोठ्या थर्मासमध्ये भरला की दिवसातून चार वेळा शेगडी पेटवावी लागत नाही. मात्र दादीला थर्मासचा चहा चालत नाही. तिच्यासाठी ताजा होतो, आणि वहीत तेवढी सूट धरलेली आहे.

फ्रीज घ्यायचा तर बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा घ्यावा, आणि शक्यतो वरून उघडणारा. थंड हवा जड असते. पुढून दार उघडले की ती पायावर सांडते, वरून उघडले तर आतच राहते. कारच्या दुकानांत मिळणारे स्वस्त कूलर बॉक्स, ज्यांत कॉम्प्रेसर नसतो, ते सतत वीज खातात आणि बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशच थंड करतात. बाहेर चाळीस असेल तर आत वीस, आणि वीस अंशांवर मटण टिकत नाही. आम्ही मटण घरीच मसाला लावून, एका वेळेपुरत्या पिशव्या करून, दगडासारखे गोठवून नेतो. पहिले दोन दिवस तेच फ्रीजमध्ये बर्फाचे काम करते.

पाण्याबद्दल थोडे. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. वर म्हटल्याप्रमाणे त्याला डिझेल फार लागत नाही, पण टाकी रिकामी झाली की पाण्यासाठी वाट वाकडी करावी लागते, आणि ते दहा-वीस किलोमीटर महाग पडतात. नऊ जण पाच वेळा वाहत्या नळाखाली वजू करू लागले तर टाकी एका दिवसात संपते. लोट्याने केला तर माणशी लिटरभरात होतो. वजूला साधारण एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरहून कमी, पाणी वापरल्याचे हदीसमध्ये आलेलेच आहे. आमच्या गाडीत नळाला छोटी जाळी बसवली आहे आणि शेजारी लोटा टांगला आहे. मुले लोटाच उचलतात, कारण नळाचे बटण त्यांच्या हाताला लागत नाही. ते मुद्दाम वर बसवले आहे.

किती माणसे, किती अंतर

आता जरा कडू गोष्ट. कॅम्पर व्हॅन कितीही काटकसरीने चालवली तरी ती एसटीला हरवू शकत नाही. ढोबळमानाने एसटी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते, पण चाळीस माणसे घेऊन. म्हणजे शंभर किलोमीटरला माणशी अर्धा लिटर. आमची गाडी नऊ जणांत ८० च्या वेगाने माणशी ०.९ लिटर, ६० ने पाऊण लिटरच्या आत. हेच दोघेजण घेऊन निघाले तर माणशी तीन-चार लिटर. म्हणून नवरा-बायकोने दोघांसाठी अशी गाडी घेऊन फिरणे आम्हाला परवडणारे वाटत नाही, पैशाने नाही आणि एरवीही नाही. त्यांनी रेल्वेने जावे, तिथे रिक्षा करावी. गाडी भरलेली असेल, म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील, तर मात्र तिचे मोल निघते.

आणि अंतर. चार दिवसांत चार शहरे पाहायची हा आपला हट्ट डिझेलच्या सगळ्या युक्त्या गिळून टाकतो. रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरजमार्गे विजापूर जायला तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर होतात. तिथे गेल्यावर लगेच गुलबर्गा, मग बिदर, मग हैदराबाद असे करण्यापेक्षा विजापूरलाच तीन दिवस राहिलो तर गाडी उभी राहते. गोल घुमटाच्या सज्ज्यात मुलांना हवे तितके ओरडू द्यावे, इब्राहिम रोजा सकाळच्या उन्हात पाहावा, ताज बावडीकडे टांग्याने किंवा रिक्षाने जावे. कॅम्पर व्हॅन शहराच्या गल्लीबोळांतून फिरवणे म्हणजे लिटरमागे चार-पाच किलोमीटर आणि वर आरशांची काळजी. सगळ्यात जास्त डिझेल वाचते ते गाडी न हलवण्याने, आणि दादीला सगळ्यात जास्त आवडतात तेही हेच दिवस.

स्वतःच्या गाडीत बर्थ, सिलिंडर, बॅटरी बसवण्याचा विचार असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि तसा बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. गॅरेजवाला "काही होत नाही, चाचा" म्हणेल. दाव्याच्या वेळी तो तिथे नसतो.

भाड्याने घेणार असाल तर पैसे देण्याआधी मालकाला विचारायचे ते थोडकेच आहे. बॅटरी किती अँपिअर-तासांची आणि किती वर्षांची, पॅनल किती वॅटचे, फ्रीज कॉम्प्रेसरचा का, जनरेटर असेल तर त्याचा धूर कुठून बाहेर पडतो आणि गाडीच्या तळाला कुठे भोक आहे का. झरोक्यातला पंखा चालवून पाहा. मग गाडी एक रात्र आधी घरी आणा, अंगणात किंवा मोहल्ल्याच्या मैदानात उभी करा, आणि मुलांना आत झोपवा. संध्याकाळी आणि सकाळी बॅटरीचा आकडा वहीत लिहून ठेवा. पंखे, दिवे आणि फ्रीज चालून सकाळी निम्मी बॅटरी उरली असेल तर ती गाडी तुमच्या कुटुंबाला पुरेल. पाव उरली असेल तर फ्रीज बंद ठेवून बर्फाची पेटी सोबत घ्या.